वाळूवर उरलेला बादशाही वाटा

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची म्हणाल, तर तेव्हा समुद्राचं पाणी गोड होतं असं सांगणारेही भेटतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. पाणी तेव्हाही खारटच होतं, आणि माणसंही आजच्यासारखीच होती.

त्या समुद्रात पाच बेटं होती. सातासमुद्रापलीकडच्या एका बादशहाच्या पणजोबाने कधीकाळी गलबतं भरून माणसं पाठवली आणि ही बेटं वसवली. आलेल्या माणसांनी झाडी तोडली, विहिरी खणल्या, घरं बांधली, पोरंबाळं वाढवली. पणजोबा गेला, आजोबा गेला, बापही गेला. आता गादीवर बसलेल्या बादशहाने ही बेटं डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नव्हती. पण ती आपल्या मालकीची आहेत, एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

एका बेटावर नारळ उदंड. तिथली माणसं काथ्याचे दोर वळत, म्हणून ते दोरबेट. दुसऱ्यावर घरोघरी जाळी विणत, ते जाळबेट. होडीबेटावर होड्या बांधत, मीठबेटावर मिठागरं होती. आणि पाचवं, सगळ्यांत धाकटं, ते वाळूबेट. तिथे काहीसुद्धा नव्हतं. नुसती वाळू! पण गंमत अशी, की बाकीच्या चारही बेटांना चहूकडून खडक. त्यामुळे रापण ओढायची तर ती वाळूबेटाच्या किनाऱ्यावरच.

रापण म्हणजे भलंमोठं जाळं. होडीत घालून ते समुद्रात गोल सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि सगळ्या गावाने मिळून ओढायचं. ज्याचा हात दोराला लागला, त्याला वाटा. मग तो पैलवान असो की फुंकरीने उडेल असा काटकुळा.

हे वाटे पाडायचं काम वाळूबेटाच्या ठकूबाईकडे होतं. तिच्या सासूने ते तिला दिलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. हातात एक वेताची काठी, कमरेला खोचलेला पदर, आणि जीभ अशी की सुरी बोथट वाटावी. ती वाळूवर काठीने रेघा मारायची आणि मासळीचे ढीग घालायची. ढीग घालून झाले की लोकांनी एकेकाने यायचं आणि आवडेल तो ढीग उचलायचा. सगळ्यांचं उचलून झालं की जो उरेल तो ठकूबाईचा. ‘पाडील वाटा, त्याने उचलावा शेवटी,’ अशी त्या बेटांवर म्हणच होती. त्यामुळे वाटे कधी लहानमोठे व्हायचेच नाहीत. लहान पडला, तर तो कोणाच्या पदरात येणार? पाडणारीच्याच!

आणि आणखी एक रीत होती. सगळ्यांत आधी एक ढीग बाजूला निघायचा. त्याला ‘बसल्यांचा वाटा’ म्हणत. ज्यांना दोर ओढता येत नाही, जे घरी बसून आहेत, म्हातारी, आजारी, बाळंतिणी, त्या सगळ्यांसाठी तो वाटा. आज ओढणारा उद्या बसणारच आहे, एवढी अक्कल त्या माणसांना होती.

पण या सगळ्याच्या वर एक वाटा होता. बादशाही वाटा.

समोरच्या खडकावर बादशहाची गढी होती. गढीत सुभेदार राहायचा. रापणीचं जाळं, दोर, होडी सगळं गढीत कुलपाखाली. गढीवरून शिंग वाजलं की शिपाई जाळं घेऊन येत, लोक मासळी ओढत, आणि शिपाई टोपल्या पुढे करत. सुरमई, रावस, पापलेट जे जे चांगलं ते ते आधी बादशाही वाट्यात. मग उरलेल्यात बसलेले, ओढणारे आणि शेवटी ठकूबाई.

सुभेदार मोठा बेरकी. त्याने पाचही बेटांना वेगवेगळे वार नेमून दिले होते. दोरबेटाच्या वारी जाळबेटाचा माणूस वाळूवर दिसला तर फटके. एका बेटाने दुसऱ्याला काही द्यायचं-घ्यायचं नाही. दोर गढीत जमा, जाळी गढीत जमा, होड्या गढीत, मीठ गढीत. आणि प्रत्येकाच्या कानात तो एकच मंत्र फुंकायचा. “तुम्ही शहाणे हो, पण ती पलीकडची माणसं! तुमच्या नावाने काय काय सांगत असतात! मी आहे म्हणून तुम्ही वाचलात.”

लोकांना ते खरं वाटायचं. न भेटलेल्या माणसाबद्दल काहीही खरं वाटतं.

पाचही बेटांची माणसं पाहिलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे ठकूबाई. कारण वार कोणाचाही असो, वाटे तिनेच पाडायचे.

तिला लाडकू नावाचा एकुलता एक मुलगा होता. तरणाबांड तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. अंगात रग होती, डोक्यात राख घालून घ्यायची सवय होती. टोपल्या भरून शिपाई चालते झाले की तो दात-ओठ खायचा.

“आये, किती दिवस हे चालायचं?”

“गप बस,” ठकूबाई म्हणायची. “पाण्यात राहून माशाशी वैर करू नये.”

“मासा कसला? गढीवर बसलाय तो बगळा आहे!”

“मग बगळ्याशी तर मुळीच करू नये. चल, टोपली उचल.”

असे दिवस चालले होते. एकदा शिपाई आले ते जादा टोपल्या घेऊन आले. म्हणाले, शहजाद्याचं लग्न ठरलंय, आजपासून शहजाद्याचाही वाटा. लोकांनी मान खाली घातली. काही दिवसांनी आणखी टोपल्या आल्या. आता कोणाचं लग्न? लग्न नव्हे, बादशहाने नवे शिकारी कुत्रे पाळलेत, त्यांचा वाटा! ठकूबाईने कुत्र्यांचाही ढीग घातला. त्या दिवशी तिच्या रेघेत शेवटी उरली ती मूठभर चिंगळं. लाडकूने ताटातल्या चिंगळांकडे पाहिलं आणि जेवल्यावाचून उठला.

मग एक दिवस खुद्द सुभेदारच वाळूवर उतरला. वार होता दोरबेटाचा. डोक्यावर छत्री धरलेली, नाकाला रुमाल. त्याने ठकूबाईचे ढीग पाहिले आणि काठीच्या टोकाने एका ढिगाकडे दाखवलं.

“हा कोणाचा?”

“बसल्यांचा, सुभेदारसाहेब.”

“म्हणजे काम न करणाऱ्यांचा?”

“काम करून बसलेल्यांचा,” ठकूबाई म्हणाली.

“आजपासून हा बंद. बादशहाच्या राज्यात फुकट खाणारे नकोत. हा ढीग आमच्या टोपलीत टाक.”

तिथेच वाळूवर दोरबेटाचा पोशाबाबा बसला होता. नव्वदीचा म्हातारा. डोळे गेलेले, आणि दोर वळून वळून तळहात असे झालेले की निखारा ठेवला तरी कळू नये. त्या समुद्रातल्या किती गलबतांचे दोर त्याच्या हातचे होते, देव जाणे. त्याने सुभेदाराचं बोलणं ऐकलं आणि तो चाचपडत उठायला लागला.

ठकूबाईला गलबलून आलं. आजवर ती गप्प राहिली होती. तिचा स्वतःचा वाटा कमी झाला तेव्हा गप्प राहिली, शहजाद्याचं लग्न आलं तेव्हा राहिली, कुत्रे आले तेव्हासुद्धा राहिली. पण त्या म्हाताऱ्याचे उठताना थरथरणारे गुडघे तिला बघवेनात.

“बाबा, बसा तुम्ही,” ती म्हणाली. मग सुभेदाराकडे वळली. “साहेब, बादशहाचा वाटा घातला, त्याच्या लेकाचा घातला, त्याच्या कुत्र्यांचा घातला. पण हा वाटा मोडायचा नाही. ज्या दिवशी हा मोडेल, त्या दिवशी ही काठी मी समुद्रात टाकीन.”

असं तोंडावर त्याला आजवर कोणी बोललं नव्हतं. सुभेदार लाल झाला.

“बरं तर! जाळं गढीत कुलपात जाईल. शिंग वाजणार नाही. येत्या पौर्णिमेला बादशहाचं गलबत येतंय शिपाई घेऊन. तोवर पाडत बस वाटे. वाळूचे!”

तो गेला. दोरबेटाची माणसं ठकूबाईवरच उखडली. “काकी, काय करून बसलात! आता खायचं काय? आणि त्या जाळबेटवाल्यांचं तर फावलंच. ते आधीच आमच्यावर टपलेत.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सुभेदाराने.”

“अरे, जाळबेटाची माणसं दर आठवड्याला माझ्यापुढे उभी राहतात. त्यांना वाटतं, तुम्हीच त्यांच्यावर टपलाय! त्यांनाही सुभेदारानेच सांगितलंय.”

माणसं आणखी जवळ सरकली.

“पण जाळं तर गढीत आहे ना,” एक जण म्हणाला. “जाळ्याशिवाय काय करणार?”

ठकूबाईला हसू आवरेना. भर संकटात ती पोट धरून हसली. “अरे वेड्यांनो! जाळं विणलं कोणी? जाळबेटाने. दोर कोणी वळले? तुम्ही. होडी होडीबेटाची, मीठ मीठबेटाचं, वाळू माझी. मग गढीवर पिकतं काय? नुसती कुलपं!”

हे ऐकून पोशाबाबाने आंधळे डोळे वर केले आणि म्हणाला, “खरंच की रे! साठ वर्षं दोर वळले, आणि एवढं कधी लक्षात आलं नाही.”

त्यानंतर शिंग वाजेल या आशेने वारावारी जे बेट यायचं, त्याला ठकूबाई हेच सांगायची. जाळबेटाला सांगितलं, होडीबेटाला सांगितलं, मीठबेटाला सांगितलं. पुढे एका सकाळी, वार-बीर गुंडाळून ठेवून, पाचही बेटांची माणसं एकाच वेळी वाळूबेटावर उतरली. दोरबेटाने नव्याने वळलेले दोर आणले, जाळबेटाने नवी विणलेली जाळी आणि होडीबेटाने नव्या होड्या. आधी सगळी लांब लांब उभी राहिली, नव्या सुनेसारखी. मग जाळबेटाच्या एका बाईने दोरबेटाच्या बाईचं लुगडं बघितलं. “अगंबाई, काठ आमच्यासारखाच की!” “मग काय, आजी आमची तुमच्याच बेटावरची!” झालं! बांध फुटला. दुपारपर्यंत कोण कोणाचा मामा आणि कोण कोणाची आत्या, याचा नुसता कल्लोळ उसळला. आणि त्या कल्लोळातच बायाबापड्यांनी जाळ्याला जाळं जोडलं, दोराला दोर जोडला. गढीतल्या रापणीपेक्षा कितीतरी मोठी रापण तयार झाली.

गढीवरून सुभेदार दुर्बिणीने हे पाहत होता. तो शिपायांना म्हणाला, “घाबरू नका. गलबत येऊ दे.”

पौर्णिमा आली आणि गलबतही आलं. चांगलं तीन शिडांचं, आत शिपाई खच्चून भरलेले. भरतीचं पाणी चढलं होतं. वाळूबेटासमोरच्या खाडीच्या तोंडाशी ते डौलात आलं. पण लाडकूने पहाटेच खाडीच्या तोंडाशी रापण सोडून ठेवली होती, पाण्याखाली, जड धोंडे बांधून. गलबताचं सुकाणू तिच्यात असं गुरफटलं की सुकाणू धरणाऱ्याला ते हलवता येईना.

“धरा दोर!” लाडकू किनाऱ्यावरून ओरडला.

आणि पाच बेटांनी दोर धरला. होडीबेटाचे सुतार, मीठबेटाच्या पायांना भेगा पडलेल्या बाया, जाळबेटाच्या तरण्या पोरी, सगळ्यांनी. पोशाबाबाही चाचपडत आला, दोराला हात लावला आणि म्हणाला, “हा माझ्याच हातचा आहे. नाही तुटायचा. ओढा!”

“हेऽऽ हैसा! हेऽऽ हैसा!”

ओहोटी लागली होती. पाणी मागे सरत होतं आणि दोर पुढे येत होता. गलबतावरचे शिपाई काठाशी येऊन बघू लागले, काय प्रकार आहे ते त्यांना उमगेना. त्यांनी लढाया पाहिल्या होत्या, पण समोरच्या माणसांच्या हातात तलवार ना भाला, नुसता दोर! होता होता गलबताच्या तळाला वाळू घासली, ते कलंडलं आणि एका अंगावर पडलं. बादशहाचं तीन शिडांचं गलबत वाळूबेटाच्या किनाऱ्यावर मासळीसारखं ओढून काढलं! आजही त्या बेटांवर कोणी काही अवघड करून दाखवलं, की म्हातारी माणसं म्हणतात, “वा रे पठ्ठ्या, गलबत ओढलंस!”

शिपाई तिरक्या फळ्यांवरून घसरत, चिखलात रुतत खाली आले. वाळूवर हजारभर माणसं उभी. शिपायांनी मुकाट्याने शस्त्रं खाली ठेवली. गढीवरच्या शिपायांना तर कित्येक दिवसांत मासळी मिळाली नव्हती. मासा पकडायचा कसा हे त्यांच्यातल्या एकालाही येत नव्हतं. त्यांनी आपणहून दार उघडलं.

पुढच्या भरतीला गलबत तरंगलं. सगळ्यांना त्यात बसवून परत पाठवलं. सुभेदार चढायला निघाला तेव्हा ठकूबाईने त्याच्या हातात सुक्या मासळीची एक पुरचुंडी ठेवली.

“हे काय?” सुभेदाराने विचारलं.

“बसल्यांचा वाटा,” ठकूबाई म्हणाली. “वाटेत खा. आमच्याकडे कोणाला उपाशी धाडत नाहीत.”

सुभेदाराने मान वर केली नाही. पुरचुंडी मात्र घेतली.

इथे गोष्ट संपली असं वाटेल तुम्हाला. नाही. खरी गोष्ट इथून पुढेच आहे. गलबत ओढणं तसं सोपं असतं, सगळ्यांचे हात एका दिशेला असतात.

दुसऱ्या दिवशी पाच बेटांनी मिळून पहिली रापण घातली. शिंग नाही, शिपाई नाही! आणि मासळी अशी आली की जाळं उचलेना. लोक नाचले, गायले. ठकूबाईने कमरेला पदर खोचला, काठी घेतली, रेघा मारल्या. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट घडली. पुढच्या चार माणसांनी सवयीने सुरमई वेचल्या, रावस वेचले, पापलेट वेचले आणि नेहमीच्या जागी त्यांचा एक मोठा ढीग घातला. बादशाही वाटा! ढीग घालून झाला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की आता न्यायला कोणी येणारच नाही.

सगळे त्या ढिगाभोवती गोळा झाले. उन्हात मासळी चमकत होती.

“आता हा कोणाचा?” कोणीतरी विचारलं.

“आमचा!” दोरबेटाचा म्होरक्या म्हणाला. “आमचे दोर नसते तर गलबत ओढलं असतंत कशाने?”

“आणि जाळं काय तुमच्या बापाने विणलं होतं?” जाळबेटवाले पुढे सरसावले.

“होड्या आमच्या!”

“मीठ नसलं तर कुजेल सगळं. मग घ्या होड्या आणि चाटत बसा!”

बघता बघता आवाज चढले. कालपर्यंत जी एकमेकांना मामा-आत्या म्हणत होती, ती माणसं बाह्या सरसावू लागली. तेवढ्यात होडीबेटाचा एक शहाणा माणूस मध्ये पडला. “भांडू नका. या वाट्याला एक धनी पाहिजे. राजा पाहिजे, म्हणजे तंटाच नको. आणि राजा व्हायला लाडकूपेक्षा लायक कोण आहे? रापण त्याने सोडली, हाळी त्याने दिली!”

“खरं आहे! लाडकू राजा! लाडकूच राजा!”

पाचही बेटांचा एकच गजर झाला. कोणी लाडकूला खांद्यावर घेतलं, कोणी गढीतली सुभेदाराची खुर्ची आणायला धावलं. लाडकूचा चेहरा फुलून आला होता. तो वाईट मुलगा नव्हता हो. त्याला खरंच वाटत होतं, की आपण चांगला राजा होऊ. म्हाताऱ्यांना सांभाळू, कुत्रे पाळणार नाही. त्याने आईकडे पाहिलं, हसला, आणि त्या ढिगाकडे हात केला.

आता ठकूबाईचं ऐका. तीही आईच होती. शेवटी उरलेल्या चिंगळांवर तिने त्या पोराला वाढवलं होतं. सणासुदीलासुद्धा त्याच्या ताटात कधी अख्खी सुरमई पडली नव्हती. आज हजार तोंडं त्याला राजा म्हणत होती. तिचा ऊर भरून आला, डोळ्यांना पाणी आलं. तिला वाटलं, खाऊ दे की माझ्या लेकराला एकदा! त्याने कमावलंय. आणि त्याचं वाईट चिंतणारं इथे आहे तरी कोण?

ती गप्प राहिली असती, तर कोणी तिला बोल लावला नसता.

पण तिची नजर त्या ढिगावरून पुढे गेली. पुढे तिच्या स्वतःच्या हाताने मारलेल्या रेघा होत्या. बसल्यांच्या वाट्याच्या जागी वाळू कोरडी होती. या सगळ्या गोंधळात तो ढीग घालायला सगळे विसरले होते. तीसुद्धा!

पोशाबाबा आपल्या जागी मुकाट बसून होता.

ठकूबाई ताडताड पुढे गेली. लाडकूचा हात ढिगाला लागायच्या आत तिने त्या हातावर काठी ठेवली. मग खाली वाकली आणि दोन्ही हातांनी तो बादशाही ढीग उपसू लागली. ओंजळीने घेतलेली मासळी आधी पोशाबाबापुढे गेली. मग एक रावस या रेघेत, एक सुरमई त्या रेघेत.

“आये! काय करतेस?” लाडकू ओरडला.

“ढीग मोडतेय.”

“पण राजाचा वाटा...”

“राजा कुठाय?” ठकूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचा आवाज सगळ्या वाळूभर घुमला. “बादशहा गेला काल. आणि तुम्ही आज आधी त्याचा वाटा काढलात, आणि मग तो खाणारा शोधत बसलात! अरे, हा ढीग जोवर पडेल ना, तोवर तो खायला कोणीतरी जन्मत राहील. आज माझा लाडकू खाईल. उद्या त्याच्या लेकाचं लग्न निघेल. परवा त्याचे कुत्रे येतील. आणि एक दिवस तो म्हणेल, हे बसलेले कशाला हवेत? माझ्या पोटचा आहे म्हणून सांगते. भुकेला मी ओळखते, आणि भरलेल्या टोपलीलाही ओळखते.”

लाडकूचे कान लाल झाले होते. सगळ्यांसमोर आईने असा पाणउतारा केला! त्याने रागाने तोंड फिरवलं. आणि नेमका त्याला पोशाबाबा दिसला. म्हातारा पुढ्यातली मासळी चाचपून बघत होता. त्यातला सगळ्यांत मोठा रावस त्याने उचलला आणि लाडकूच्या आवाजाच्या दिशेने पुढे केला. “घे रे पोरा,” तो म्हणाला. “काल फार दमलास तू.”

लाडकूचा राग तिथल्या तिथे विरघळला. त्याने तो रावस परत म्हाताऱ्याच्या पुढ्यात ठेवला आणि त्याच्या पायांना हात लावला. मग आईजवळ आला.

“चुकलो आये.”

“तू एकटा नाही चुकलास. रेघा माझ्या होत्या,” ठकूबाई म्हणाली. मग तिने तो वेत, तिच्या सासूने दिलेला, सासूच्या सासूने दिलेला, त्याच्या हातात ठेवला. “तुला लोकांचा म्होरक्या व्हायचंय ना? हो की! ही घे काठी. पाचही बेटांचे वाटे पाड. पण आपली म्हण ठाऊक आहे ना?”

“पाडील वाटा, त्याने उचलावा शेवटी,” लाडकू म्हणाला.

“मग झालं तर. याच्यापेक्षा मोठं राज्य मला ठाऊक नाही.”

त्या दिवशी त्या वाळूवरच पाच बेटांचं सरकार झालं. प्रत्येक बेटाने आपल्यातून एक पंच निवडला. पंचांनी गढीत बसायचं नाही, वाळूवरच बसायचं, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांचं बोलणं ऐकू येईल. वर्ष सरलं की काठी दुसऱ्या बेटाकडे जाईल. कोणालाही उठून विचारता येईल, की बाबा, हा ढीग लहान का? आणि विचारणाऱ्यावर डोळे वटारायचे नाहीत. गढीच्या तटावर जाळबेटाच्या बाया जाळी वाळत घालू लागल्या. सुभेदाराची खुर्ची पोशाबाबाला दिली. त्याने तिच्यावर एकदा बसून पाहिलं आणि म्हणाला, “छे! पाठ दुखते. वाळू बरी.”

वर्षाच्या आतच बादशहाचा वकील आला. या वेळी शिपाई नव्हते. मखमली पेटीत सोन्याचा मुकुट होता आणि जरीचा शेला होता. बादशहा काही मूर्ख नव्हता. एवढी माणसं तलवारीने वाकत नाहीत हे त्याला कळलं होतं. पण एक राजा विकत घेतला, की त्याच्यामागे सगळी बेटं आपसूक येतात, हेही त्याला ठाऊक होतं.

वकील किनाऱ्यावर उतरला तेव्हा वाटे पडत होते. माणसं एकेक करून ढीग उचलत होती.

“मला तुमच्या राजाला भेटायचंय,” वकील म्हणाला. “त्याच्यासाठी नजराणा आणलाय.”

“राजा?” लोक एकमेकांकडे बघून हसले.

“बरं, मग तुमचा मुख्य कोण? सगळ्यांच्या पुढचा?”

मीठबेटाच्या एका बाईने डोक्यावरची टोपली सावरली आणि बोट दाखवलं. “तो काय! रांगेत सगळ्यांत शेवटी उभा आहे.”

वकिलाने पाहिलं. रांगेच्या टोकाला एक तरणा गडी हातात वेत घेऊन उभा होता. त्याच्या पुढे म्हातारे होते, बाया होत्या, पोरं होती. वकील लगबगीने त्याच्यापाशी गेला आणि पेटी उघडली. मुकुटावर ऊन पडलं तशी सगळी वाळू लखलखली.

“हे तुमच्यासाठी. बादशहाकडून. फक्त तुमच्यासाठी.”

लाडकूने मुकुटाकडे पाहिलं, मग पुढच्या रांगेकडे पाहिलं. “माझा नंबर यायला वेळ आहे साहेब,” तो शांतपणे म्हणाला. “आमच्यात पाडणारा आधी उचलत नाही. आणि हजार जणांत एक मुकुट वाटता येत नाही, मासे असते तर जमलं असतं. तुम्ही तो परत न्या.”

वकिलाने पेटी मिटली. ज्याला विकत घ्यायचं असा राजाच जिथे नाही, तिथे तो करणार काय? आल्या पावली गलबतात जाऊन बसला. जाताना मीठबेटाच्या त्या बाईने त्यालाही सुक्या मासळीची पुरचुंडी दिली. रीत म्हणजे रीत.

सगळ्यांचे वाटे उचलून झाले. शेवटच्या रेघेत उरली होती चार मांदेली. लाडकूने ती ओंजळीत घेतली आणि वर टेकाडाकडे पाहिलं. ठकूबाई आता बसल्यांच्यात बसू लागली होती, पोशाबाबाच्या शेजारी. तिच्या पुढ्यात तिचा वाटा कधीच येऊन पडला होता, सगळ्यांच्या आधी. लाडकूने दुरूनच ओंजळ उंच करून तिला दाखवली.

ठकूबाईने पदराने डोळे पुसले. तिच्या लेकाच्या हातात चारच मांदेली होती, आणि उभ्या समुद्रात तेवढी श्रीमंत आई दुसरी नव्हती.

“काय झालं गं? लेकाला काय मिळालं?” पोशाबाबाने विचारलं.

“शेवटचा वाटा, बाबा,” ती म्हणाली. मग हात तोंडाशी नेऊन ओरडली, “बघत काय उभा राहिलास? साफ कर ती! चूल पेटवलीय मी!”

तात्पर्य: राजाला घालवून माणसं स्वतंत्र होत नाहीत, राजाचा वाटा मोडतात तेव्हा होतात. आणि म्होरक्या निवडायचा तर असा निवडावा, जो वाटे पाडतो नीट आणि आपला उचलतो शेवटी.